चातुर्मासातला कॅमेरा

आषाढ सरत आला की बाजारपेठेतील अनेक धंद्यांची गती मंदावते. छायाचित्रकाराचा धंदा मंदावत नाही, तो थांबतो. चातुर्मास बसला की मंगलकार्ये आवरती घेतली जातात, लग्नतिथी संपतात, एखाददुसरा काढीव मुहूर्त सोडला तर कार्तिकापर्यंत मांडव पडत नाही. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ज्याला पाठीवरून उतरायला उसंत मिळाली नाही ती कॅमेऱ्याची पिशवी कपाटाच्या खालच्या खणात जाते. घरातली माणसे म्हणतात, बरे झाले, त्यालाही विश्रांती.

आणि नेमक्या या विश्रांतीत कॅमेरा आजारी पडतो.

शिरूरमध्ये, जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेल्या घोडनदीत, कापडाच्या तीन पिढ्यांच्या दुकानावर माडी चढवून एकाने स्टुडिओ थाटला आहे. त्याच्या ऑर्डरी शिरूरपासून न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस या वाटेने थेट दौंडपर्यंत पसरलेल्या असतात. कारण मामाचे घर दौंडला, बहिणीचे सासर केडगावला, आणि आपल्या समाजात लग्नाचे काम नात्याच्या धाग्यानेच पुढे सरकते. हंगामात त्याचे कॅमेरे धूळ खातात, ऊन खातात, धक्के खातात. परंतु ही सगळी दुखणी दिसणारी आहेत. न दिसणारे दुखणे श्रावणात सुरू होते, आणि त्याचे नाव बुरशी.

बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. त्याला अंधार, स्थिर हवा आणि ओल मिळाली की ते रुजते. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की लेन्सच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू उमटू लागतात. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे अवर्षणप्रवण तालुके, पाऊस कमी; म्हणून इथल्या माणसाला वाटते, बुरशी कोकणात लागते, आपल्याकडे काय? पण लेन्सला पावसाचे मिलिमीटर समजत नाहीत. तिला बंद पिशवीतली हवा समजते. पिशवीचा फोम आणि अस्तर मे महिन्यातला घाम, जूनमधली सर, दौंडच्या मंगल कार्यालयातला धूर हे सगळे शोषून बसलेले असते. तीच पिशवी चेन लावून चार महिने कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीसाठी अंथरूण घालून देणे होय.

सुरुवातीला छायाचित्रात काहीच दिसत नाही. म्हणून हा रोग फसवा आहे. पुढे एखाद्या संध्याकाळी, नवरीच्या मागे दिव्यांची माळ असताना, चित्र धुरकट येते. काळा रंग काळा राहत नाही. मग टॉर्च लावून लेन्समधून आरपार पाहिले की कडेला पांढरे तंतू दिसतात. दुरुस्ती करणारा कारागीर लेन्स उघडून बुरशी पुसून देतो, परंतु बुरशीतून स्रवणाऱ्या आम्लाने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो डाग पुसला जात नाही.

उपाय महागडा नाही, एवढेच समाधान. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट उत्तम. त्यात आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखता येते. त्याहून फार कोरडे करण्याचा हट्टही नको, वंगण आणि रबर दोघांनाही तो मानवत नाही. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ एवढ्यावर काम भागते. निळे सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा भांडे स्वयंपाकघरातले नसावे. नारिंगी रंगाचे मिळते, ते घरात अधिक बरे. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवण्याची युक्ती मोबाईलच्या काळात फार बोकाळली आहे. तांदूळ ओल थोडी शोषतो आणि पिठूळ धूळ भरपूर देतो.

या घरात आणखी एक प्रश्न होता तो डांबराच्या गोळ्यांचा. वडिलांनी पन्नास वर्षे रेशमी शालू आणि पैठण्या त्याच गोळ्यांच्या भरवशावर सांभाळल्या. मुलाचा कॅमेरा दीड-दोन लाखांचा आहे हे कळल्यावर त्यांनी न सांगता, मायेने, त्याच्या कपाटात चार गोळ्या टाकल्या. कसरीला जे चालत नाही ते बुरशीलाही चालणार नाही, हा त्यांचा हिशेब. पण डांबराच्या गोळीची वाफ काचेवर बसते, काही प्लॅस्टिकलाही ती बाधते. मुलाने गोळ्या काढल्या. वडिलांनी पुन्हा टाकल्या. हा मूक संवाद सुमारे महिनाभर चालला. शेवटी मुलाने चष्म्याची जुनी काच आणि एक गोळी एका डबीत बंद करून आठ दिवसांनी ती डबी गादीवर वडिलांच्या पुढे उघडून ठेवली. वडिलांनी काच धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “बरं. तुझा माल वेगळा आहे.”

बुरशीलाही जीव आहे, हे आपल्या घरांत कुणाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात पापड-लोणच्यावर, ओल्या भिंतीवर ती येऊ नये म्हणून बायका जी दक्षता घेतात तिला जयणा हा शब्द आहे. उगवलेले मारण्यापेक्षा उगवू न देणे बरे, ही दृष्टी लेन्सच्या बाबतीत योगायोगाने शास्त्रशुद्धही ठरते. चातुर्मासात दर आठवड्याला डबा उघडायचा, प्रत्येक लेन्स फिरवायची, फोकसची कडी पुढेमागे करायची, टॉर्च लावून आत पाहायचे. घरातल्या आजी या कामाला गंमतीने त्याची पडिलेहण म्हणतात. साधू-साध्वी आपली वस्त्रे-पात्रे रोज नजरेखालून घालतात त्याची ही उसनी उपमा; आजींनी दिली म्हणून ती चालून गेली.

ही सगळी काळजी जुन्या कॅमेऱ्यालाही लागत होतीच. मग मिररलेस कॅमेऱ्याचे वेगळे काय? नावातच उत्तर आहे. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा असे. तो दृश्य वर डोळ्यापाशी पाठवी आणि बटण दाबले की क्षणभर बाजूला होई. तो ‘खटक’ आवाज म्हणजे आरशाची उडी. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला तेव्हा त्यात हा आरसाच नव्हता. दृश्य थेट सेन्सरवर पडे आणि डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर दिसे. २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराचा सेन्सर अशा कॅमेऱ्यात बसवला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनी आपापल्या नव्या मालिका काढल्या, आणि पाच-सहा वर्षांत लग्नाच्या मांडवातून तो जुना खटका नाहीसा होऊ लागला. आरसा गेल्यामुळे लेन्सचे बूड सेन्सरच्या अगदी जवळ आले. निकॉनमध्ये हे अंतर साडेसेहेचाळीस मिलिमीटरवरून सोळावर आले, कॅननमध्ये चव्वेचाळीसवरून वीसवर. कॅमेरा बारीक झाला, हलका झाला, माणसाचा डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस ठेवू लागला.

पण आरसा हा दाराआडचा पडदाही होता, हे तो गेल्यावर कळले. लेन्स काढली की बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो, जणू तिजोरीचे दार रस्त्याकडे. काही नव्या कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे येतो. धूळ अडते, पण तो पडदा स्वतः इतका नाजूक की त्याला बोट लागता कामा नये.

शिरूर ते दौंड हा रस्ता ज्याने गळिताच्या हंगामात केला आहे त्याला धुळीविषयी सांगणे नको. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रेलर, कडेची माती. कुठे पाचट पेटवलेले, त्याची काळी पिसे हवेत तरंगत गाडीच्या काचेवर येऊन बसतात. केडगाव-पारगावकडच्या गुऱ्हाळांचा गोड धूर वेगळाच. लग्ने याच दिवसांत. वरात रस्त्यावर, लेन्स बदलायची वेळ रस्त्यावर. म्हणून हा छायाचित्रकार दोन बॉडी बाळगतो: एकीवर रुंद दृश्याची लेन्स, दुसरीवर लांबची. ही चैन वाटेल. वास्तविक ती सेन्सरची छत्री आहे. बदलणे टळतच नसेल तर वाऱ्याकडे पाठ, कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, नवी लेन्स आधी हातात तयार, आणि सगळे चार श्वासांत.

तरीही धूळ जाते. ती ओळखण्याची रीत अशी: लेन्सचे छिद्र एफ १६ इतके बारीक करून निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र घ्यावे. करड्या ठिपक्यांनी आकाश देवी आल्यासारखे दिसले, तर धूळ सेन्सरवर आहे. मग रबरी ब्लोअरने, कॅमेरा तोंडाने खाली धरून, वारा द्यावा. तोंडाने फुंकर कधीही मारू नये. फुंकरीत थुंकी असते. दाबलेल्या गॅसचे डबे तर नकोतच. ब्लोअरने न निघालेला चिकट डाग असेल तरच सेन्सरच्या मापाची ओली पट्टी, एकदा एका दिशेने. ज्या कॅमेऱ्यात सेन्सर तरंगता असतो आणि हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवतो, त्यात दाब फारच हलका हवा. ब्रश वापरणारांनी तो कशाचा आहे हे विचारावे: लेन्स पुसण्याचे अनेक मऊ ब्रश बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. नायलॉनचेही मिळतात.

अहिंसेची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक, कारण ती आपल्या घरांत क्वचितच कुणाला ठाऊक असते. फिल्मवरचा प्रकाशसंवेदी लेप जिलेटिनचा असे, आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी उकळून काढतात. शंभराहून अधिक वर्षे प्रत्येक लग्नाचा, प्रत्येक दीक्षेचा फोटो त्या लेपावर उतरला. त्याआधीचे कागद अंड्याच्या पांढऱ्याचे. एकोणिसाव्या शतकातील भारताचे सर्वांत नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जैन कुटुंबात जन्मले. इंदूरला सरकारी नोकरी करता करता कॅमेरा शिकले, निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबाद आणि मुंबईला त्यांचे मोठे स्टुडिओ होते. त्यांच्याही काळातल्या चित्रांचा कागद बहुतांशी तोच. डिजिटल कॅमेऱ्याने हा लेप घेण्याच्या टप्प्यातून काढून टाकला. छापण्याच्या टप्प्यातून मात्र नाही. लग्नाचे अल्बम अजूनही पुष्कळदा चांदीच्या क्षाराच्या कागदावर निघतात आणि त्या कागदावर जिलेटिन असते. लॅबला विचारले तर कागद कोणता ते सांगतात. विचारणारे ग्राहक कमी, हे खरे.

वडिलांशी झालेला दुसरा वाद भांडवलाचा. कापडाच्या व्यापाऱ्याला पैसा अडकणे समजते, कारण माल विकला की तो मोकळा होतो. इथे तसे नाही. “तू घेतलंस ते विकायचं नाही, झिजवायचं आहे,” असे वडील म्हणाले, आणि त्यांनी वहीत झीज मांडायला सुरुवात केली. मध्यम किमतीच्या अनेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर सुमारे दोन लाख उघडझापींपर्यंत तपासलेले असते. एका लग्नात चार हजार छायाचित्रे निघतात. चाळीस लग्नांची एक लाख साठ हजार. आयकराच्या हिशेबात कॅमेरा यंत्रसामग्रीत मोडतो आणि त्यावर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. शटरला आयकराचा दर ठाऊक नसतो. वडिलांनी दर लग्नामागे झिजेची रक्कम काढली, ती वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगितली, आणि तेव्हापासून नवी बॉडी उधारीवर आली नाही. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तरी बिलाशिवाय स्वस्तात देणारे भेटतातच. त्यांच्याकडचा माल बहुधा अधिकृत आयातदाराचा नसतो, म्हणून वॉरंटीही नसते. बिल नसलेला माल घरात येणार नाही, एवढे एक वाक्य वडिलांनी या सबंध प्रकरणात आज्ञा म्हणून उच्चारले.

शटर वाचवायला आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे, तर त्याचीही अडचण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्यावरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. स्टेजच्या मागे एलईडी भिंत असेल तर तिचा ठेका आणखी निराळा. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते आणि नवरीच्या चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे येतात. म्हणून मांडवात यांत्रिक शटर, आणि दिवसाच्या उजेडात, देवळाच्या अंगणात किंवा भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्ष्यांसमोर मूक शटर.

या मूकपणाने एक नवा प्रश्न आणला. पूर्वी खटका झाला की माणूस वळून पाही. आता कळतही नाही. स्थानकात प्रवचन चालू आहे, साध्वीजी बोलत आहेत, आणि कुणीतरी शांतपणे शेकडो छायाचित्रे घेत आहे. अनेक साधू-साध्वी छायाचित्राला संमती देत नाहीत. आवाज झाला नाही म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. हा छायाचित्रकार स्थानकाच्या दाराशी कॅमेऱ्याला टोपण लावतो आणि संघाच्या मंत्र्यांना आधी विचारतो; नाही म्हटले तर बाहेर रांगोळी, चपलांच्या रांगा, गोचरीच्या वेळी ओसरीत थांबलेली मुले. यजमानांना ते फोटो कमी महत्त्वाचे वाटतात आणि क्वचित रुसवाही होतो. तो होऊ द्यावा.

दौंडचा प्रसंग त्याहून कठीण होता, कारण तिथे यजमान नात्यातले, मामांच्या चुलत घरातले. संध्याकाळचे स्वागत, नदीकाठच्या अंगाचे मोकळे लॉन, नवरानवरीची ‘एंट्री’. फॉग, कोल्ड पायरो, शार्पी दिवे आणि त्यांच्या मधोमध हिरवे लेसर. छायाचित्रकार ते लेसर पाहून थेट मामाजींकडे गेला.

“मामाजी, धूर चालेल, शार्पी चालतील. लेसर तेवढं बंद ठेवायला सांगा. कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो.”

“अरे, एंट्रीचं पॅकेजच आहे ते. पैसे देऊन चुकलो. आणि लोक उभे राहतात ना समोर, त्यांना काय होतं?”

लोकांनाही होते. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे शहर पोलिसांनी लेसर झोतांना मनाई केली ती डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारींनंतर. सेन्सरचेही तसेच. लेसरची सगळी शक्ती एका बारीक रेषेत असते. ती लेन्सवर पडली की लेन्स तिला अधिक बारीक करून सेन्सरच्या एका बिंदूवर आणून ठेवते. जुन्या कॅमेऱ्यात दोन फोटोंच्या मधल्या वेळात आरसा खाली असे आणि सेन्सर झाकलेला राही. मिररलेसमध्ये छायाचित्रकार नुसता पाहत असला तरी सेन्सर उघडाच. वॉरंटी हे नुकसान भरून देत नाही. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत तशी सूचना असते.

मामाजींना घाई होती, पाहुणे बसले होते. तडजोड म्हणून लाइटवाल्याला झोत वर, झाडांच्या शेंड्यांकडे करायला सांगितले गेले. छायाचित्रकार स्वतः लेसरकडे पाठ येईल असा कोपरा धरून उभा राहिला. पण पलीकडच्या गावातून आलेला व्हिडिओवाला मुलगा, विशी-बाविशीचा, स्टेजकडे तोंड करून तिपाईवर कॅमेरा लावून उभा होता. त्याच्या कॅमेऱ्याचेच दृश्य मोठ्या एलईडी भिंतीवर दिसत होते. गाणे चढले तसा लाइटवाल्याचा हात खाली आला. एक झोत फिरत गेला, अर्धा क्षणही नसेल. आणि एलईडी भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक उभी जांभळी रेघ उमटली ती उमटलीच.

पुढे हार घातले गेले, मायऱ्याच्या मंडळींचे फोटो झाले, आजी-आजोबा व्यासपीठावर आले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून ती रेघ गेली. सगळे लॉन तिच्याकडे पाहत होते. त्या मुलाने कॅमेरा दोनदा बंद करून चालू केला आणि मग नुसता उभा राहिला. त्याचा कॅमेरा हप्त्यांवर होता. सेन्सर बदलायचा खर्च म्हणजे वर्षभराची बचत.

छायाचित्रकाराने आपली दुसरी बॉडी गळ्यातून काढून त्याच्या तिपाईवर चढवली. म्हणजे उरलेली सबंध संध्याकाळ त्याला एका कॅमेऱ्यावर काढावी लागली आणि ज्या फॉगमध्ये लेन्स बदलू नये असे तो सगळ्यांना सांगतो त्याच फॉगमध्ये सहा वेळा लेन्स बदलावी लागली. फॉगच्या द्रवाचा एक तेलकट थर दुसऱ्या दिवशी काचेवर होता. तो ब्लोअरने जात नाही, लेन्सच्या द्रवाने मऊ कापडावर घेऊन हळूहळू काढावा लागतो. मामाजींनी त्या मुलाचे पैसे कापले नाहीत. सेन्सरचे पैसे कुणी दिले नाहीत. आता या छायाचित्रकाराच्या ऑर्डरच्या पावतीवर, इसाराच्या रकमेखाली, एक ओळ छापलेली असते: लेसर असल्यास आधी कळवावे. दोन घरांनी ती वाचून दुसरा माणूस धरला.

सूर्याचाही थोडा असाच हिशेब आहे. मे महिन्यात भरदुपारी वरात, कॅमेरा खुर्चीवर, लेन्स खाली आणि डोळा लावण्याची काच आकाशाकडे. ती काच भिंगाचे काम करते आणि आतल्या छोट्या पडद्यावर पिवळा डाग जाळते. टोपी, रुमाल, काहीही टाकावे. बॅटऱ्यांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच: आरसा गेल्यावर पडदा सतत पेटलेला, म्हणून त्या जास्त लागतात. कंपनीच्याच घ्याव्यात, उन्हातल्या गाडीत सोडू नयेत, पावसाळ्यात निम्म्या भरून ठेवाव्यात.

कार्डांची शिस्त मात्र वडिलांनी पाहताक्षणी ओळखली. रोजमेळ आणि खतावणी यांच्यासारखीच ती आहे. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तेच चित्र जाऊ द्यायचे. दौंडहून रात्री दोनला परतले तरी झोपण्याआधी एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि कार्डे तशीच. तिसरी प्रत केडगावला बहिणीच्या घरी, कारण आग किंवा चोर दोन प्रतींत फरक करीत नाहीत. अल्बम घरी पोचून यजमानांनी पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही, आणि ते होते तेव्हा संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच. लग्न पुन्हा लावता येत नाही. कापडाचा ताका खराब निघाला तर बदलून देता येतो. इथे बदलून देण्यासारखे काही नसते.

गेल्या दिवाळीआधी त्याने एक जुनी लेन्स विकायला काढली. ती त्या पहिल्या पावसाळ्याची, डांबराच्या गोळ्यांच्याही आधीची; तिच्या कडेला बुरशीचा फिका डाग होता, कारागिराकडून साफ झालेला पण लेपावर उरलेला. छायाचित्रात तो दिसत नाही, दिव्याकडे तोंड केले तरच जरा धूसरपणा येतो. घ्यायला चौफुल्याकडचा एक नवा मुलगा आला होता. त्याने लेन्स कॅमेऱ्यावर चढवून दुकानासमोरच्या रस्त्याचे चार-दोन फोटो काढले, खूश झाला, पैसे मोजायला लागला. छायाचित्रकाराने त्याला थांबवले, लेन्स काढून घेतली, टॉर्च मागून लावली आणि तो डाग दाखवला. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग किंमत तीन हजारांनी उतरली. वडील गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला साडीच्या पदरातली विणीची चूक दाखवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मुलगा जाताना त्याला हाक मारून एक रिकामा डबा आणि सिलिका जेलची पुडी कागदात बांधून दिली.